सामानाजवळ कोण बसणार?

पाण्यावर सहलीला गेलेलं मराठी कुटुंब पाणी किती खोल आहे याची चौकशी नंतर करतं. त्याआधी एक वेगळा प्रश्न सुटावा लागतो: सामानाजवळ कोण बसणार? गणपतीपुळ्याचा किनारा असो, भंडारदऱ्याचं पाणी असो की नातलगाच्या सोसायटीतला पोहण्याचा तलाव, हे ठरल्याशिवाय कोणी चप्पल काढत नाही. मग कोणाचा तरी गुडघा पुढे येतो, कोणाचा कान ठणकत असतो, कोणी नुकताच तापातून उठलेला असतो. ज्याचं दुखणं सगळ्यांत पटण्यासारखं, तो त्या दिवसापुरता कोरडा माणूस म्हणून नेमला जातो. पाकिटं, किल्ल्या, मोबाइल, चष्मे, कानातली, आणि सोबत कोणी वडीलधारं असेल तर रुमालात गुंडाळलेली कवळी, असा सगळा ऐवज त्याच्या मांडीवर जमा होतो आणि बाकीचे मोकळे होऊन पाण्याकडे पळतात. आमच्या आईच्या पिढीत बायकांना कोरडं राहायला दुखणंही लागत नसे. नेसलेली साडी पुरे होई.

हे पद जमैकातही रिकामं राहत नाही.

दादा-वहिनी न्यू जर्सीत असतात. आम्ही उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा भाचीने परस्पर कॅरिबियनच्या क्रूझचं आरक्षण करून टाकलं होतं. फ्लॉरिडातून निघायचं, वाटेत बेटांना शिवायचं आणि परत यायचं. जहाज म्हणजे आमच्या अख्ख्या कॉलनीला पुरून उरेल एवढी इमारत, फक्त पार्किंगची भांडणं नाहीत. तिच्यात पोहण्याचे तलाव, पाण्याच्या घसरगुंड्या, गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलेली माणसं आणि मधल्या दिवाणखान्याच्या भिंतीवरून दिवसरात्र वाहणारा एक चकचकीत धबधबा. एवढं पाणी जहाजात, त्याहून कितीतरी जास्त जहाजाखाली. तरी जहाज बंदराला लागलं की हजारो माणसं तिकिटं काढून पाणी बघायला बाहेर पडतात.

आमचं बंदर होतं ओचो रिओस आणि धबधबा डन्स रिव्हर. सहल निवडण्यासाठी जी पुस्तिका मिळाली, तिच्यात प्रत्येक सहलीपुढे एक छोटा माणूस छापला होता. तो नुसता उभा असेल तर सहल सोपी, चालत असेल तर बरी, आणि चढत असेल तर आपापलं बघा. आमच्या धबधब्यापुढचा माणूस चढत होता. कारण हा धबधबा नुसता बघत नाहीत, त्याच्यावर चढतात, आणि तेही पाण्यातून. उंची सुमारे 180 फूट, पण पाणी ती एका उडीत उतरत नाही. साधारण 600 फूट लांबीत टप्प्याटप्प्याने खाली येतं आणि शेवटच्या टप्प्यावरून थेट कॅरिबियन समुद्रात शिरतं. लोक समुद्राच्या वाळूतून निघतात आणि नदीच्या विरुद्ध वर जातात.

"मी सिंहगड चढलोय," दादा म्हणाला.

पुण्यात वाढलेल्या माणसाच्या तब्येतीचा दाखला सिंहगडावरूनच मिळालेला असतो आणि त्यावरची तारीख कोणी बघत नाही. वहिनीने मात्र बघितली. "चढला होतास," ती म्हणाली, "आपल्या लग्नाआधी."

माझा नवरा या चर्चेत नव्हता. तो पुस्तिकेतल्या बारीक टायपातल्या अटी वाचत होता. बँकेतून निवृत्त झालेला माणूस धबधब्याच्याही अटी आधी वाचतो. वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "कडेने पायऱ्या आहेत. कोरड्या." पद भरलं गेलं.

भाचीने खरं तर बाहेरची एक गाडी शोधली होती, जहाजाच्या सहलीच्या निम्म्या पैशांत. फरक एवढाच, की जहाजाने काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आणि आपल्या गाडीने जाऊन आपल्याला उशीर झाला तर जहाज निघून जातं. या एका वाक्यावर क्रूझवाल्यांचा केवढा धंदा होत असेल! दादा अजून कूपनं कापून ठेवणारा माणूस, पण त्याने मिनिटभरात दुप्पट पैसे भरले.

भीती अनाठायी नव्हती, कारण त्या दिवशी आमच्या घरात तीन घड्याळं चालू होती. फ्लॉरिडात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. जमैका या भानगडीत पडत नाही, तिथे बारा महिने एकच वेळ. आमचं जहाज मात्र बेटाचं ऐकायला तयार नव्हतं. ते फ्लॉरिडाची वेळ सोबत घेऊनच हिंडत होतं. म्हणजे जहाजात नऊ, तर धक्क्यावर आठ. किनारा जवळ आला की मोबाइल आपल्या मनाने तासभर मागे सरकतात, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो दुपारी 'अजून तास आहे' असं म्हणत नारळपाणी मागवतो. नवऱ्याच्या मनगटावर तिसरीच वेळ. परदेशात तो घड्याळ बदलत नाही. त्याचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असल्यामुळे ऐन न्याहारीच्या टेबलावर त्याचा चेहरा दिवेलागणीचा झाला होता. पण हिशेब चोख. "जहाजावर परत यायची वेळ साडेतीन. म्हणजे जमैकाचे अडीच. म्हणजे आपला रात्रीचा एक," तो म्हणाला. "तेव्हा बाराला निघालेलं बरं."

कुठल्या बाराला, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

उतरताना प्रत्येकाला जहाजाचा एकेक निळा टॉवेल मिळाला. तो खोलीच्या कार्डावर नोंदवून देतात आणि परत नाही केला तर त्याचे पैसे लावतात. हे ऐकल्यापासून नवऱ्याच्या अंगात बँक संचारली. पाचही टॉवेल त्याने ताब्यात घेतले, घड्या सारख्या केल्या आणि पिशवीत तळाला ठेवले. पासपोर्ट वरच राहिले. जहाजावरचं ताजं अन्न बेटावर न्यायला मनाई असते. वहिनीकडे भडंगाचं सीलबंद पाकीट होतं, आणि सीलबंद चालतं. तरी फळीवरच्या अधिकाऱ्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. भडंग म्हणजे काय हे इंग्रजीत सांगता सांगता वहिनी मुरमुऱ्यापर्यंत पोचली, तेवढ्यात त्याने हात जोडून आम्हाला सोडलं.

बस सुरू झाली आणि बसमधल्या अमेरिकनांचा जीव टांगणीला लागला. जमैका 1962 पर्यंत ब्रिटिशांकडे होतं, त्यामुळे गाड्या डावीकडून धावतात. प्रत्येक वळणावर त्यांना समोरची गाडी अंगावर येतेय असं वाटे आणि सामुदायिक किंकाळी उठे. आम्ही पाचजण मात्र निवांत. डावी बाजू, वळण, वळणावर हॉर्न! अमेरिकेत आल्यापासून रस्ता पहिल्यांदाच रस्त्यासारखा वाटत होता. नवरा तर चक्क डुलकी काढायला लागला. त्याच्या घड्याळाप्रमाणे ती योग्यच वेळ होती.

पण झोपू देतील तर तो गाइड कसला? आमच्या गाइडबाईंनी सगळ्यांना "या मॉन!" असं ओरडायला लावलं. जोरात ओरडल्याशिवाय बस पुढे जाणार नाही, अशी धमकी दिली. टेक्सासच्या एका धिप्पाड गृहस्थाने काच हलवली. आम्ही शाळेत हजेरीला 'हजर' म्हणतात त्या आवाजात म्हटलं. मग बाईंनी बॉब मार्ली याच सेंट ॲन परगण्यात, नाइन माइल नावाच्या गावात, 1945 साली जन्मला असं सांगितलं आणि अर्धी बस गायला लागली. जाता जाता त्यांनी कोलंबसाचा उल्लेख केला, तो मात्र कोणी ऐकला नाही. मला वाटतं, जहाजाच्या वेळेला घाबरणाऱ्या प्रत्येक माणसाने ती हकीकत ऐकायला हवी.

कोलंबस चौथ्या सफरीत 1503 साली या किनाऱ्यावर, आजच्या सेंट ॲन्स बेजवळ, येऊन अडकला. किड्यांनी त्याच्या जहाजांची लाकडं पोखरून चाळण केली होती. ती त्याने वाळूवर चढवली आणि सुटका होईपर्यंत वर्षभर तिथेच राहिला. स्थानिक लोकांनी काही महिने जेवू घातलं, मग पाहुण्यांचे गुण कळल्यावर बंद केलं. कोलंबसाकडे एक पंचांग होतं. त्यात 29 फेब्रुवारी 1504 ला चंद्रग्रहण असल्याचं दिलं होतं. त्याने मुखियांना बोलावून सांगितलं की देव तुमच्यावर कोपलाय, आज चंद्र काढून घेणार. चंद्र लाल झाला, लोक घाबरले आणि जेवण पुन्हा सुरू झालं. म्हणजे जहाजाविना या किनाऱ्यावर राहिलेल्या माणसाने आपली बुफेची सोय पंचांग दाखवून केली. मी हे सांगितल्यावर भाचीने लगेच मोबाइलवर पुढचं ग्रहण कधी आहे ते बघून ठेवलं.

बस थांबली तेव्हा ड्रायव्हरने, पांढऱ्या दाढीच्या हसऱ्या माणसाने, दादाला विचारलं, "इंडिया? क्रिकेट?" एवढं पुरे होतं. दादाला धबधब्याचा विसर पडला. त्याच्या मनातला जमैका म्हणजे किंग्स्टनचं सबाइना पार्क, एप्रिल 1976. मायकेल होल्डिंग आपल्या घरच्या मैदानावर चेंडू डोक्यापर्यंत उसळवतोय, गायकवाडच्या कानावर चेंडू बसलाय, विश्वनाथचं बोट मोडलंय, बेदीने पहिला डाव सहा बाद 306 वर घोषित करून टाकलाय, आणि दुसऱ्या डावात पाचजण जखमी म्हणून खेळायलाच न आल्यामुळे भारत 97 वर थांबलाय. दादाने हे सगळं त्या ड्रायव्हरला अशा सुरात ऐकवलं की त्याने निदान माफी तरी मागावी. ड्रायव्हरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गुड मॅच, मॉन," तो म्हणाला.

खाली समुद्राशी पोचलो. या धबधब्याची एक गोष्ट मला फार आवडली. बहुतेक धबधबे खालचा खडक झिजवत झिजवत मागे सरकतात. हा खडक बांधत जातो. झऱ्याच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. ते पाणी फेसाळत खाली येताना चुना खडकावर थरावर थर बसत जातो. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं, तेच हे, फक्त इथे शतकानुशतकं कोणी प्लंबरला बोलावलेलं नाही. त्यातूनच ते गोलसर, फुगीर टप्पे आणि मधली कुंडं तयार झालीत.

दादाने एक नजर टाकली आणि म्हणाला, "हा तर भुशी डॅम!"

"मग लोणावळ्यालाच गेलो असतो," वहिनी म्हणाली. "भजी तरी मिळाली असती."

दादाचं अगदीच चूक नव्हतं. भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि त्यात पुण्यामुंबईची निम्मी प्रजा बसलेली असते. इथे ओहायो आणि टेक्सासची होती. पण भुशीला कोणी कोणाला हात धरायला लावत नाही. इथे साखळी हाच कायदा. पुढे गाइड, त्याच्या गळ्यात सगळ्यांचे कॅमेरे, आणि मागे हातात हात घालून आपण. तत्त्व असं, की एकाचा पाय घसरला तर दोन्हीकडचे त्याला सावरतील. प्रत्यक्षात एकाचा पाय घसरला की दोन्हीकडचेही बसतात. गाइड माणसं लावताना नाती बघत नाही, वजन बघतो: एक भारी, एक हलका, पुन्हा एक भारी. त्यामुळे माझ्या एका हातात बसमधला तो टेक्सासचा गृहस्थ आला आणि दुसऱ्या हातात ओहायोची सत्तरी ओलांडलेली, वेतासारखी आजी. दादा साखळीच्या त्या टोकाला, वहिनी या टोकाला, भाची मध्ये कुठेतरी फोटोत.

आपल्याकडच्या बायकांना परपुरुषाचा हात तासभर घट्ट धरून ठेवायची सवय नसते. आपल्या पुरुषाचाही नसते, ते सोडा. पहिल्या दोन टप्प्यांवर मी नुसती बोटांची टोकं धरली होती. तिसऱ्या टप्प्यावर पाण्याचा लोंढा पोटरीवर आदळला आणि मी त्या गृहस्थाला मनगटापासून कोपरापर्यंत आपला मानला.

साखळीतून सूचनाही जातात. गाइड पुढून ओरडतो, तो शब्द हातोहात मागे येतो. पण पाण्याचा आवाज एवढा, आणि वाटेत टेक्सास, ओहायो आणि एक इटालियन जोडपं. "डावीकडे खड्डा आहे" म्हणून निघालेला निरोप माझ्यापर्यंत जेमतेम "डावीकडे" एवढाच आला. मी तो इमानदारीने मागे दिला. वहिनीपर्यंत पोचला तेव्हा तो "डावीकडे फोटो काढतायत" असा झाला होता. वहिनी डावीकडे बघून छान हसली आणि कमरेपर्यंत आत गेली.

या सगळ्याला समांतर, कठड्यापलीकडच्या पायऱ्यांवरून, कोरडा माणूस चढत होता. पाठीवर दादाची सॅक, दोन्ही खांद्यांना पिशव्या, बोटांत चार जोड चपला अडकवलेल्या, शर्टाच्या खिशात पिन लावून ठेवलेलं माझं मंगळसूत्र, आणि डोळ्यांवरचा स्वतःचा सोडून दोन चष्मे कपाळावर. आम्ही थांबलो की तो थांबे, आम्ही चढलो की तो चढे. आणि बोलत होता.

"उजवा पाय! उजवा! तिथे नको, तो दगड हलतोय!"

गाइड म्हणत होता डावा. टेक्सासने मान वळवून विचारलं, "ते गृहस्थ या धबधब्याचे कोण?"

"धबधब्याचे कोणी नाहीत," मी म्हटलं. "माझे आहेत."

पण गंमत अशी, की बाजूने बघणाऱ्याला पाण्याखालचं जास्त दिसतं. दोनदा गाइडचं ऐकून टेक्सास बसला आणि त्यानंतर तो दर टप्प्यावर मला विचारायला लागला, "काय म्हणतायत ते?" मी भाषांतर करायची. हळूहळू मागची सगळी रांग कठड्याकडे बघून पाय टाकायला लागली. ओहायोच्या आजींनी तर 'उजवा' आणि 'डावा' हे दोन शब्द पाठच केले. गाइडने एकदा वर पाहिलं, म्हणाला, "नो प्रॉब्लेम," आणि पुढच्या कुंडात फोटोसाठी सगळ्यांना एकदम मागे पाण्यात पडायला सांगितलं. 'एक, दोन, तीन'ला दादा दोनलाच पडला. वहिनी पडलीच नाही. मघाशी पडून झालं, असं तिचं म्हणणं.

तिथे सामानासाठी लॉकर भाड्याने मिळतात. असं असताना माणूस कशाला हवा, असं कोणाला वाटेल. पण लॉकरला अर्ध्या वाटेवरून "अहो, माझी गोळी घ्यायची राहिली" असं ओरडून सांगता येत नाही.

आणि हे फक्त आपलंच आहे असा माझा समज होता, तो वर पोचल्यावर गेला. शेवटच्या सज्जाजवळ एका बाकावर निरनिराळ्या देशांची कोरडी माणसं जमली होती. खांद्याचं ऑपरेशन झालेले एक अमेरिकन आजोबा, त्यांच्याभोवती नातवंडांच्या बुटांची रास. लेस्टरहून आलेल्या एक गुजराती काकी, मांडीवर तीन पर्स. एक चिनी मुलगी होती, जिला पाणी आवडत नाही एवढंच साधं कारण होतं, त्यामुळे बाकीचे तिच्याकडे जरा संशयाने बघत होते. तासाभरात त्यांच्यात करारमदार झाले होते. काकी स्वच्छतागृहात गेल्या तर त्यांच्या पर्स नवऱ्याने बघायच्या, आजोबा कॉफी आणायला उठले तर बूट काकींनी. भडंगाचं पाकीट केव्हाच फुटलं होतं. आजोबा मिरचीचा तुकडा दातांखाली आल्यामुळे लालबुंद झाले होते, तरी हात पुढे करत होते. आम्ही निथळत, कुडकुडत वर आलो तेव्हा त्या चौघांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात कौतुक नव्हतं. 'झालं का समाधान?' असा प्रश्न होता.

मग पोहणं. सहलीत त्यासाठी वेगळा वेळ असतो. पायऱ्यांनी परत खाली जाऊन समुद्रात. अमेरिकन माणूस समुद्रात शिरला की क्षितिजाकडे तोंड करून पुढे जातो. आपण कमरेएवढ्या पाण्यात गेलो की वळतो आणि किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहतो, कारण सामान किनाऱ्यावर असतं. लाट पाठीवर, नजर पिशवीवर. मग गोल करायचा आणि बोलायचं. त्या निळ्याशार, तळ दिसणाऱ्या पाण्यात उभं राहून वहिनीने मला न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स समजावून सांगितला. मधूनच दादा डुबकी मारे, वर येई, "भुशीला खारं नसतं" म्हणे आणि पुन्हा जाई. भाची तेवढी खरोखर पोहत होती, आणि दर दोन मिनिटांनी तिला कोणीतरी "लांब जाऊ नकोस" म्हणत होतं. तिला पोहण्यात शाळेपासून बक्षिसं मिळाली आहेत, पण त्याचा इथे काय संबंध?

जेम्स बाँडच्या पहिल्या चित्रपटात, 1962 च्या 'डॉक्टर नो'मध्ये, उर्सुला अँड्रेस समुद्रातून चालत बाहेर येते ना, ते दृश्य इथून जवळच्याच किनाऱ्यावर चित्रित झालंय. आम्हीही बाहेर आलो. माझ्या कुर्त्याच्या दोन्ही खिशांतून पाणी आणि थोडी वाळू गळत होती, वहिनीच्या लेगिंगचा एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब झाला होता, आणि दादा ओरडत होता, "चला चला, कपडे बदलायच्या खोलीला रांग लागलीय!"

बाहेर पडण्याची वाट बाजारातून जाते, किंबहुना बाजारातूनच जाते. लाकडी मुखवटे, शंख, लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्या. वहिनीने सवयीने एक तृतीयांशापासून सुरुवात केली. दुकानवाली बाई तिच्याहून मुरलेली निघाली. तिने किंमत न उतरवता वहिनीच्या साखळीतल्या पडण्याची इतकी तारीफ केली की वहिनी दोन मुखवटे घेऊन आली. त्यांचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. एका टपरीवर बोकडाच्या मटणाची करी शिजत होती, आणि वास थेट आपल्या घरचा. 1845 पासून ऊसमळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून मजूर इथे आणले गेले. त्यांचा मसाला बेटाने उचलला आणि आता ही करी जमैकाच्या लग्नकार्यातलं जेवण झालीय. आमचा श्रावण चालू होता. दादा, वहिनी आणि मी फक्त वासावर थांबलो. भाचीने आमच्या वतीने खाल्लं.

जहाजावर आम्ही वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. कुठल्या वेळेच्या, ते नवऱ्याला विचारा. वरच्या डेकवर मात्र गर्दी जमली होती. दोघेजण हातात चपला घेऊन धक्क्यावरून धावत येत होते, आणि हातात आइस्क्रीमचे कोन धरलेली शेकडो माणसं त्यांना टाळ्या वाजवून प्रोत्साहन देत होती. दादा म्हणाला, ते नक्की मोबाइलची वेळ बघणारे असणार.

नवरा तिथे नव्हता. तो खोलीत टॉवेल मोजत होता. सहा निघत होते.

त्याने पुन्हा मोजले. मग मी मोजले. सहाच. सगळे सारखेच निळे. बाकावरच्या करारमदारांत कोणाचा तरी टॉवेल आमच्यात आला होता. मी म्हटलं, जास्त आहे ना, कमी तर नाही? पण बँकेत कॅश कमी पडली काय आणि जास्त निघाली काय, झोप दोन्हींत उडते. "त्या माणसाच्या कार्डावर पैसे पडतील," तो म्हणाला, आणि टॉवेल हातावर घेऊन निघाला. तास-दीड तास तो डेकवरून डेकवर त्या अमेरिकन आजोबांना शोधत होता. जहाजावर पांढऱ्या केसांचे अमेरिकन आजोबा किती असतात, याची त्याला तेव्हा कल्पना आली. प्रत्येकाला तो "आपण आज सकाळी भडंग खाल्लं का?" असं विचारत होता.

शेवटी टॉवेलच्या काउंटरवर गेला. तिथला मुलगा सावंतवाडीचा निघाला. या जहाजांवर गोव्याची आणि कोकणातली मुलं बरीच भेटतात. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काका, टाका त्या टोपलीत."

"आणि पावती?"

"टॉवेलची पावती नसते, काका."

"देताना नोंद होते. मग घेताना का नाही?"

मागे रांग वाढत होती. सगळ्यांचे टॉवेल ओले, आमचा तेवढा कोरडा आणि चार घड्यांचा. मुलाने इकडेतिकडे पाहिलं, कागदी रुमाल घेतला, त्यावर मराठीत 'एक टॉवेल मिळाला' असं लिहिलं आणि खाली सही केली. नवऱ्याने ती वाचली आणि परत पुढे केली.

"तारीख राहिली," तो म्हणाला.

मुलाने पेन उचललं, मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठली घालू? इथली की आपली?"